आमच्या गेममध्ये एल्फ आणि माणसांचं युद्ध झालंय, पण जिंकलं कोण ते ठरत नाहीये

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे इतिहासवाले ट्रेकवाले सगळेच असतात म्हणून इथेच विचारतोय. आम्ही काही मित्र कोथरूडला शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, मी डीएम आहे, म्हणजे जग मी रचायचं आणि बाकीच्यांनी त्यात पात्रं होऊन खेळायचं. आता नवीन कथा सुरू करायचीय आणि ती एका मोठ्या युद्धानंतर दोनशे वर्षांनी घडते. एल्फ (माणसांसारखीच दिसणारी, जंगलात राहणारी काल्पनिक जमात) विरुद्ध माणसं. कोण जिंकलं, कसं जिंकलं, हरलेले कुठे गेले हे पक्कं झाल्याशिवाय मला साध्या गावांची नावंसुद्धा ठेवता येत नाहीयेत.

जग असं आहे: डोंगर, घाट आणि दाट जंगल एल्फांचं, खालचा सगळा सपाट मुलूख माणसांचा. एल्फ एक लाख, माणसं वीस लाख. तोफा-बंदुका नाहीत, गोफणयंत्रं आहेत. जादू आहे पण किरकोळ, जखम लवकर भरणं वगैरे, त्यामुळे "एक मांत्रिक आला आणि डोंगर उडवला" असलं उत्तर कृपया नको. एल्फ गेमच्या नियमांप्रमाणेच, साडेसातशे वर्षं जगतात, अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, झोपत नाहीत, चार तास ध्यान केलं की आपल्या आठ तासांच्या झोपेइतकी विश्रांती मिळते.

एक मित्र म्हणतो एल्फ डोळे झाकून जिंकणार, तीनशे वर्षं तलवार चालवलेल्यासमोर विशीतलं पोरगं काय टिकणार. दुसरा म्हणतो एकास वीस आहेत, माणसं नुसती चालत गेली तरी जिंकतील. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच घोडं अडलंय.

घाटवाट

एल्फ. आणि मी हे घाटात फिरलेला माणूस म्हणून सांगतोय. भावा एकदा खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत जाऊन उभा रहा आणि दोन्ही बाजूंना वर बघ. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान एवढी मोठी मुघल फौज घेऊन घाट उतरला आणि त्या खिंडीत अडकला, पुढची वाट बंद, मागची बंद, वरून झाडीतून बाण आणि दगड, आणि पाणीसुद्धा मिळेना. शेवटी सगळं सामान टाकून, खंडणी कबूल करून जीव वाचवून परत गेला. तिथे एकास वीस असले काय आणि एकास पन्नास असले काय, अरुंद वाटेत पुढचे दहाच जण लढणार आणि बाकीचे मागे उभे राहून घाबरणार.

बाहेरचं उदाहरण हवं तर जर्मनीतलं ट्युटोबर्गचं जंगल, इसवी सन ९. रोमच्या तीन लिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या पलटणी) त्या झाडीत संपल्या, आणि रोमन सैन्य उघड्या मैदानात जगात भारी होतं बरं का. नंतर ते सूड घ्यायला परत आले, लढायाही जिंकले, पण कायमची सरहद्द शेवटी ऱ्हाइन नदीवरच राहिली.

आता यात साडेसातशे वर्षं त्याच जंगलात राहिलेले लोक घाल. प्रत्येक ओढा, प्रत्येक गुहा पाठ. माणसं वर चढणारच नाहीत.

माई_सदाशिव

घाटवाट, उंबरखिंड तुम्ही छान मांडलीत, पण आपण मराठी माणसं हा प्रश्न आला की एल्फांच्या जागी लगेच मावळे ठेवतो आणि मग एल्फ जिंकणारच असं वाटायला लागतं. त्या दोघांत एक मोठा फरक आहे तो बघू या. मावळ्यांच्या घरी मुलं होती.

वेताळटेकडी, तू दिलेल्या आकड्यांवरच साधा हिशोब कर. एक लाख एल्फ, आयुष्य साडेसातशे वर्षं. लोकसंख्या स्थिर असेल तर वर्षाला जन्म किती? एक लाख भागिले साडेसातशे, म्हणजे १३३. अख्ख्या राज्यात, मुलगे मुली मिळून, वर्षाला १३३. आणि वीस लाख माणसांत जुन्या काळच्या मानाने दरवर्षी साधारण वीस हजार मुलगे अठराव्या वर्षात येणार. मी फक्त मुलगे धरलेत आणि एल्फांच्या बायकाही लढतात असं धरलंय, तरी वीस हजाराला १३३ म्हणजे एकास दीडशे. तुझ्या एल्फाने मरायच्या आधी पाच माणसं मारली, दहा मारली, वीस मारली, तरी हा खड्डा भरत नाही. लढाई तो जिंकेल, पुढची पण जिंकेल, आणि प्रत्येक विजयानंतर त्याचं राज्य थोडं रिकामं होत जाईल.

पानिपत घे. १४ जानेवारी १७६१. त्या पत्रातलं वाक्य आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची गणतीच नाही. घराघरातले कर्ते पुरुष गेले. पण पुढे काय झालं ते बघ. त्याच वर्षी सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले, आणि १७७१ मध्ये महादजींच्या फौजा परत दिल्लीत होत्या. दहा वर्षांत! कारण १७६१ ला जी पोरं आठ-दहा वर्षांची होती ती तोवर घोड्यावर बसली होती. एल्फांना पानिपत झालं तर दहा वर्षांनी नवे किती उभे राहतील? तेराशे तीस. तेसुद्धा सगळे दहा वर्षांच्या आतले. शिवाय त्यांच्यात खुर्दा नावाची गोष्टच नाही, जो मेला तो प्रत्येक जण मोहर, चारशे वर्षं शिकलेला सुतार, गायक, वैद्य.

आणि गेममध्येच एक गोष्ट आहे जी मला फार हलवून गेली (माझा नातू खेळतो, त्याच्याकडून नियमांचं पुस्तक घेऊन वाचलंय). एल्फांचं शरीर माणसांइतक्याच वयात वाढतं, पण त्यांच्यात शंभरीच्या आसपास गेल्याशिवाय कुणी स्वतःला मोठं म्हणवत नाही. म्हणजे वीस वर्षांचा एल्फ भाला उचलू शकतो, पण त्याच्या आईच्या लेखी ते तान्हं बाळ आहे. युद्ध लांबलं आणि लढणारे एल्फ कमी पडायला लागले की त्यांच्या सभेत हा प्रश्न येणारच, की पोरांना पाठवायचं का. तुझं युद्ध या प्रश्नावर संपतं असं मला वाटतं, कुठल्याही लढाईवर नाही.

वेताळटेकडी

माई, हा १३३ चा आकडा मी ग्रुपवर टाकला आणि तिथे एकदम शांतता पसरली. पोरांना पाठवायचं का हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, यावर अख्खी एक रात्र खेळता येईल.

पण मग धनुष्याचं काय? एल्फ दुरूनच मारत राहिले, जवळ येऊच दिलं नाही, तर त्यांचं नुकसान होईलच कशाला?

प्रत्यंचा

धनुष्याबद्दल मी बोलतो, बरीच वर्षं तिरंदाजी करतोय.

लोकांना वाटतं नेम महत्त्वाचा. स्पर्धेत हो. युद्धात आधी ताकद आणि मग बाणांचा साठा. इंग्लंडचं मेरी रोझ नावाचं जहाज १५४५ ला बुडालं, ते वर काढलं तेव्हा त्यात शंभरावर लांब धनुष्यं मिळाली आणि ती ओढायला शंभर पाउंडांच्या वर जोर लागायचा असा अंदाज आहे, आम्ही क्लबमध्ये पन्नासच्या आतबाहेर ओढतो आणि तेवढ्यानेही दिवसाच्या शेवटी खांदा बोलायला लागतो. त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांतसुद्धा फरक सापडलाय, लहानपणापासून ओढून ओढून झालेला असावा असं मानतात. म्हणजे चांगला युद्धाचा धनुर्धर तयार करायला माणसाचं अर्धं तारुण्य जातं. एल्फाला याची फिकीरच नाही, त्याच्याकडे वेळच वेळ. त्यामुळे या एका बाबतीत एल्फ इतके पुढे आहेत की तुलनाच नको.

आता साठा बघ. इंग्लिश धनुर्धराची एक जुडी २४ बाणांची असायची. मिनिटाला दहा बाण धरले तर अडीच मिनिटात जुडी संपली, एल्फ सावकाश नेम धरून मिनिटाला तीनच मारतो म्हटलं तरी आठ मिनिटं. दहा हजार एल्फ लढायला उभे केलेस तर एका जुडीचेच दोन लाख चाळीस हजार बाण झाले, प्रत्येकाला सरळ काडी, पिसं, लोखंडाचं टोक. लोखंड कुठून आणणार? तुझ्या जंगलात खाण आहे का, आणि भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला झाडं तोडावी लागतात, ते एल्फांना चालेल का? हे आधी ठरव. लढाई जिंकून मैदानावरचे बाण परत गोळा करता आले तर ठीक, मागे हटत हटत लढायचं असेल तर सोडलेला बाण गेला तो गेला.

आणि तुझ्या जगात बंदूक नाहीये हे एल्फांचं मोठं नशीब आहे. बंदूक आली की शेतावरचं पोरगं काही आठवड्यांत शिकून रांगेत उभं राहतं आणि तीनशे वर्षांचा सराव मातीमोल होतो. युरोपात धनुष्य याच कारणाने मागे पडलं, चांगल्या धनुर्धराचा वेग आणि नेम तेव्हाच्या बंदुकीपेक्षा सरस होता पण तो शिकवायला परवडत नव्हता.

पळस

सगळे जंगलाला गृहीत का धरताय? जंगल जळतं.

मी दर उन्हाळ्यात वणवा विझवायला जाणाऱ्या एका गटात आहे, पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फेब्रुवारी ते मे काय होतं ते जवळून बघितलंय. वाळकं गवत, वारा आणि एक काडी, बास. उतारावर आग खालून वर धावते आणि माणूस धावतो त्यापेक्षा जोरात धावते. माणसांच्या सेनापतीला जंगलात शिरायची गरजच नाही, त्याने एप्रिलमध्ये पायथ्याला चारपाच ठिकाणी आग लावायची आणि वाट बघायची.

पण हेही जंगल कसलं आहे त्यावर आहे. आपल्या पूर्वेकडच्या कोरड्या, पानगळीच्या रानात हे चालेल. भीमाशंकरसारख्या दाट सदाहरित रानात आत ओल असते, झाडं एकमेकांत गुंतलेली, खाली गवतच नाही, तिथे आग शिरते पण पसरत नाही. आणि जून ते सप्टेंबर तर काडी पेटणारच नाही, उलट त्या चार महिन्यांत माणसांची छावणी चिखलात, जळवा, ताप, ओलं धान्य. म्हणून वेताळटेकडी, तुझ्या नकाशावर जंगलाचे दोन भाग कर, बाहेरचं कोरडं आणि आतलं ओलं. बाहेरचं रान पहिल्या पाचदहा उन्हाळ्यांतच जाईल आणि एल्फांना मनापासून आपलं मानलेलं जंगल डोळ्यादेखत जळताना बघावं लागेल. आतलं राहील.

मोडीवाचक

अंधारात दिसणं आणि चार तासांची विश्रांती याकडे कुणी वळलं नाही, माझ्या मते एल्फांची खरी ताकद तीच. दिवसभर लढून दमलेली माणसं झोपली की एल्फ ताजे, आणि त्यांना दिव्याची गरज नाही. पुण्यात लाल महालावर ५ एप्रिल १६६३ च्या रात्री जे झालं ते यांना आठवड्यातून एकदा करता येईल. प्रत्येक सरदाराला रात्री आपल्याच तंबूत झोपायची भीती वाटली पाहिजे.

पण लाल महालानंतर काय झालं ते कथेत विसरू नका. शाइस्ताखानाची बोटं गेली, त्याची बदली बंगालला झाली, आणि दोन वर्षांत औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगाला पाठवलं. तो जंगलात मावळ्यांच्या मागे पळत बसला नाही. पुरंदराला वेढा घातला, आसपासची गावं, शेतं उद्ध्वस्त करायला तुकड्या सोडल्या, आणि जून १६६५ मध्ये तहात २३ किल्ले गेले. माणसांकडे सेनापती संपत नाहीत, एक गेला की दुसरा येतो आणि दुसरा पहिल्याची चूक करत नाही. एल्फांचा सेनापती मात्र तोच, चारशे वर्षं तोच, त्याच्या खोडी, त्याचे डाव शत्रूच्या पाच पिढ्यांनी अभ्यासलेले.

इथे कुणी म्हणेल की माणसं विसरतात आणि एल्फांना सगळं आठवतं. माणसं लिहून ठेवतात हो! मी मोडी वाचतो म्हणून सांगतो, आपल्या पुण्यात पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत, कुठल्या गावाने किती धान्य दिलं, कुठल्या घाटात किती जकात जमली, कुठल्या वाटेने तोफ जाते, सगळं कागदावर. लिहिणारा मेला तरी कागद वाचणारा जन्माला येतो. आणि ईस्ट इंडिया कंपनी बघा, १६०० ला निघाली, १८१७ ला शनिवारवाड्यावर तिचं निशाण लागलं, मधल्या दोनशे वर्षांत सगळे गव्हर्नर, कारकून, शिपाई कितीदा तरी बदलले पण कंपनीची आठवण आणि कंपनीचा लोभ तोच राहिला. माणसाला अमर व्हायचं असेल तर तो दफ्तर उघडतो. माझं मत माणसांना.

घाटवाट

मोडीवाचक काका, जयसिंगाचा मुद्दा जबरदस्त आहे पण तुम्ही गोष्ट १६६५ ला थांबवलीत. त्याच जंगलातून, त्याच किल्ल्यांवरून नंतर औरंगजेब स्वतः आला तरी सव्वीस वर्षं झुंज चालली. संभाजी महाराज गेले, राजाराम महाराज गेले, ताराराणींनी लढा चालू ठेवला, आणि १७०७ ला बादशहा इथेच अहमदनगरजवळ गेला. त्याचं सैन्य मोठं होतं म्हणूनच तर ते अडकलं, एवढ्या माणसांना, घोड्यांना, बैलांना रोज खायला घालायचं म्हणजे लमाणांचे तांडे लागतात, आणि तांडे घाटातून येतात. माई म्हणतात त्या वीस हजार पोरांना रोज भाकरी लागते. एल्फांनी माणसं मारायचीच नाहीत, बैल पळवायचे, गोण्या फोडायच्या, उंबरखिंडीसारखं कोंडून सामान घेऊन सोडून द्यायचं. परत गेलेला उपाशी सैनिक गावात जाऊन काय सांगेल?

आणि दुसरं म्हणजे वाट बघायची. माणसांच्या राज्यात राजा मेला की भाऊबंदकी आलीच. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राज्याची ताकद किती वर्षं आपसात खर्ची पडली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साडेसातशे वर्षं जगणाऱ्याला माणसांची अशी वीसपंचवीस वारसयुद्धं आयुष्यात बघायला मिळतात. दर वेळी हरणाऱ्या बाजूला थोडं सोनं आणि रात्री शंभर धनुर्धर द्यायचे. माणसांची एकी झालीच नाही तर १३३ चा हिशोब लागूच होत नाही.

माई_सदाशिव

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि हेच एल्फांनी करायला हवं. प्रश्न एवढाच की ते करतील का. जो पाचशे वर्षं जगलाय त्याला माणसांच्या राजकारणात, कोण कुणाचा चुलता आणि कुणाचा दत्तक, यात लक्ष घालावंसं वाटेल का? मला वाटतं सुरुवातीला नाही वाटणार. पहिली तीसचाळीस वर्षं ते तुझ्या मित्राच्या म्हणण्याप्रमाणे अभिमानाने मैदानात उतरतील आणि जिंकतील. बाहेरचं रान जळल्यावर, हजारो मोहरा गेल्यावर, त्यांच्यातली एखादी ताराबाई उठेल आणि म्हणेल की आता बैल पळवा. तोवर त्यांचे किती उरलेत यावर सगळं आहे.

पळस

मैदानात उतरले तर संपले. माझं तेवढंच म्हणणं.

वेताळटेकडी

सगळ्यांचं वाचून काल रात्री बसून लिहून काढलं. युद्ध साठ वर्षांचं. पहिल्या वीस वर्षांत एल्फ मैदानात चार मोठ्या लढाया जिंकतात आणि एक लाखाचे सत्तर हजार होतात, माणसांचे त्याच्या चौपट मरतात आणि तरी माणसांचं राज्य आधीइतकंच मोठं. मग नवा सेनापती येतो, वेढे घालतो, कोरडं रान सात उन्हाळे जाळतो. लोखंडाची खाण बाहेरच्या रानात ठेवलीय, ती माणसांच्या हातात जाते म्हणून बाण कमी पडायला लागतात (प्रत्यंचा, धन्यवाद, हे तुमच्यामुळे). मग ती सभा, पन्नास वर्षांच्या एल्फ पोरांना पाठवायचं का. सभा नाही म्हणते. एक सेनानी, बाई आहे, ती म्हणते पोरं नाहीत तर मैदान नाही, आणि तिथून पुढे फक्त घाट, रात्र आणि बैल. माणसांचा राजा मरतो, दोन मुलगे भांडतात, आणि धाकटा तह करतो.

माणसांना सगळं सपाट आणि जळलेलं रान मिळतं. ओलं जंगल आणि घाटांच्या वाटा एल्फांकडे. म्हणजे माझ्या जगात माणसं जिंकली असं माणसं म्हणतात आणि एल्फांकडे सत्तेचाळीस हजार उरलेत. सभेत नाही म्हणून ज्यांना वाचवलं ती पोरं आता अडीचशे वर्षांची आहेत आणि सगळा कारभार त्यांच्याच हातात आहे, हे लिहिताना मला खरंच भरून आलं.

एकच अडलंय, तहात एल्फांना रोख असं काय मिळतं? जंगलात शेती नाही, लोखंड गेलं.

मोडीवाचक

जकात. घाट त्यांच्याकडे आहेत ना, मग समुद्राकडून वर येणारा प्रत्येक बैल त्यांना पैसे देऊनच येणार. जुन्नरजवळ नाणेघाटात वर दगडी रांजण आहे, तिथे जकात जमवायचे असं सांगतात, आणि सातवाहनांचे लेख तिथेच गुहेत आहेत. तसा एक घाट कर आणि पहिल्या शनिवारी खेळाडूंना तिथेच अडवून जकात माग. मात्र दर किती आणि कुठल्या मालाला माफी ते तहाच्या कागदात आधीच लिहून ठेव, कुणीतरी विचारणारच.

घाटवाट

मिठाला माफी ठेव. आणि नाणेघाट बघायला यायचं असेल तर पावसाळ्यानंतर ग्रुप घेऊन ये, वाट मी दाखवतो.